चिठ्ठीवर लिहिलंय म्हणून

मी शिस्तीची बाई आहे. हे कौतुकानं सांगत नाही, आता तर अजिबातच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले की शिस्त अंगात मुरतेच, आणि मग ती घरीही सुटत नाही. आमचे हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपला आहेत. ते म्हणतात, तुझ्यासमोर भिंतीवरचं घड्याळसुद्धा बिचकून चालतं. म्हणू देत. सासूबाई गेल्या आणि पप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गोळ्यांचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा दुःखातही मला मनातून थोडं बरं वाटलं होतं. निदान आता सगळं वेळच्या वेळी होईल, असं वाटलं होतं.

पप्पा ब्याऐंशीचे. उभी हयात त्यांनी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. मिक्श्चरच्या बाटल्या, पावडरच्या पुड्या, मलमाच्या डब्या, आणि समोर रांग. रिटायर होऊन कोल्हारला घर बांधलं तरी गावातली म्हातारी माणसं त्यांना रस्त्यात अडवून गुडघ्याला काय लावू म्हणून विचारायची. मला ते 'बाई' म्हणतात आणि अहोजाहो करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मास्तरीणबाईला अरेतुरे करायला त्यांची जीभ वळेना, म्हणून गावासारखं तेही 'बाई' म्हणायला लागले, ते आजतागायत.

सासूबाईंचा गोळ्यांचा कारभार म्हणजे नुसता घोळ होता. सगळ्या पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या, त्यातल्या निम्म्या कापलेल्या, नाव वाचायला जावं तर नेमकं नावच कापून गेलेलं. मी पहिल्या आठवड्यातच तो डबा रिकामा केला. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या होत्या. एक हृदयाचे, एक लघवीचे, एक हाडांचे आणि चौथे गावातले आमचे नेहमीचे. चारही चिठ्ठ्या एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या, फ्रिजवर चिकटवल्या, मेडिकलमधून सगळ्या गोळ्या नव्यानं आणल्या आणि सात वारांचे चार-चार कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा आणला. तेव्हा दिवसाला आठ गोळ्या होत्या. वर्षभरात अकरा झाल्या.

आणि नुसत्या दिल्या नाहीत. शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस असतो. गोळी घरी नेऊ द्यायची नाही, समोर खायला लावायची, मग 'आ' करायला लावून जिभेखाली बघायचं, असं आमचं काम. तेच मी घरी सुरू केलं. सकाळी साडेसहाला पप्पांच्या हातावर गोळ्या, वर पाणी, मग म्हणायचं, "आ करा पप्पा." पहिल्या दिवशी ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, बायको गेली आहे, माणूस जरा हट्टीपणा करणारच. मी फ्रिजवरच्या कागदाकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "डॉक्टरांनी लिहिलंय." त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

पुढच्या प्रत्येक तपासणीला मी डॉक्टरांना छाती पुढं काढून सांगायची, की एकही गोळी चुकत नाही. प्रत्येक डॉक्टर माझं कौतुक करायचे. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं एकदा हृदयाचे डॉक्टर पप्पांना म्हणालेसुद्धा.

दोन-तीन महिन्यांतच पप्पांचे पाय सुजले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाणी उतरायची गोळी वाढवली. मग लघवीला सारखं उठायला लागायचं, धोतर खराब व्हायला लागलं, म्हणून लघवीच्या डॉक्टरांनी ती धरून ठेवायची गोळी लिहिली. मग तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना. उठलं की चक्कर यायची, त्यासाठी चकरेची गोळी. झोपेची तर आधीपासूनच होती. प्रत्येक गोळीचा खण मी वेळेवर भरत होते. त्याच वेळी पप्पांची पावलं आखूड पडायला लागली. पाय उचलायचे नाहीत, फरशीवर घासत चालायचे. चहाचा कप तोंडापर्यंत नेईपर्यंत निम्मा बशीत सांडायचा. एका सकाळी अंगणात खडखडीत कोरड्या जमिनीवर पडले. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा.

पण मला खरी धडकी भरली ती जेवणाच्या टेबलावर. आमच्याकडं जेवणाआधी पप्पाच प्रार्थना करतात. रोजची, चार वाक्यांची, आमच्या लग्नाआधीपासून शब्दाचा फरक नसलेली. त्या दुपारी ते दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मी डोळे उघडून पाहिलं तर ते माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "सिस्टर, पुढं काय हाय?"

सिस्टर. मी नर्स वाटले त्यांना. मी पुढची दोन वाक्यं म्हटली, आमेन म्हटलं आणि वाढायला घेतलं. आमटी ताटाबाहेर गेली.

सगळ्यांकडं त्याचं कारण तयारच होतं. आई गेल्याचा धसका घेतलाय, असं हे म्हणायचे. चर्चमध्ये उपासनेला भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, जोडीदार गेला की पुरुष असाच ढासळतो बाई, वय पण झालंच की. मलाही ते पटत होतं. पटवून घेणं सोयीचंही होतं. पण पप्पा दिवसेंदिवस हातातून निसटत चाललेत आणि एक दिवस त्या खुर्चीत नुसतं शरीर उरेल, ही भीती मला शाळेत फळ्यासमोर उभी असतानाही सोडायची नाही. पाढे म्हणून घेता घेता माझंच चुकायचं आणि पोरं एकमेकांकडं बघायची.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करा. आयुष्यभर औषधं मोजून देणाऱ्या माणसाला शंभरातून सात वजा करता येईनात. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, विसरायचा आजार दिसतोय, सुरुवात आहे, गोळी चालू करू. बारावी गोळी. मी ती चिठ्ठी घेऊन कोल्हारच्या आमच्या मेडिकलमध्ये गेले. तो दुकानदार पप्पांना गुरू मानतो. औषधाचं दुकान कसं चालवायचं हे त्याला पप्पांनीच शिकवलं होतं. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "बाई, ही बारावी द्यायला माझा हात धजंना. नगरला एका दवाखान्यात दर गुरुवारी फक्त म्हाताऱ्या मान्सांना बघत्यात. तिथल्या डॉक्टरीनबाई घरातली सगळी औषधं मागवून घेत्यात म्हनं. आधी तिथं जाऊन या."

मला रागच आला. म्हटलं, तू डॉक्टर आहेस का? पण रजा टाकली.

गाळपाचा हंगाम होता. उसाच्या दोन-दोन ट्रेलरच्या रांगेमागं आमची गाडी सरकत होती आणि पप्पा मागच्या सीटवर, कुठं चाललोय हे दर पाच मिनिटांनी विचारत होते. माझ्या मांडीवर औषधांची पिशवी. दवाखान्यातून फोनवर बजावून सांगितलं होतं, घरात असेल ते सगळं आणा, बाम आणि चूर्णसुद्धा. मी परीक्षेला बसल्यासारखी सगळं नावनिशीवार लावून नेलं होतं. आपलं कौतुक होईल अशी खात्रीच होती मला.

डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं पिशवी टेबलावर पालथी केली. माझा सगळा क्रम मोडला. मग एकेक पट्टी उचलून चार प्रश्न विचारत गेली. ही कुणी दिली? कधी दिली? कशासाठी दिली? आणि अजून का चालू आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी धडाधड देत होते. चौथ्याला दर वेळी अडकत होते. "चिठ्ठीवर लिहिलंय म्हणून" हे एकच उत्तर माझ्याकडं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते मलाच ऐकवेना.

तिच्यापुढं एक छापील यादी होती. उतारवयात ज्या औषधांचा फायद्यापेक्षा तोटा जास्त होण्याची शक्यता असते, त्यांची. ती पट्टी बघायची, यादी बघायची, पप्पांकडं बघायची आणि पेन्सिलीनं खूण करायची. पाच खुणा झाल्या. मी त्या मोजल्या. मग तिनं एका कोऱ्या कागदावर मला उलगडून दाखवलं. बीपीच्या एका गोळीचा डोस मोठा आहे, त्यानं पाय सुजलेत. सुजेसाठी पाण्याची गोळी, तिनं लघवी वाढली. लघवीसाठी दिलेल्या गोळीनं तोंड कोरडं, पोट बांधलेलं आणि डोक्यावर धुकं. झोपेच्या गोळीनं ते धुकं आणखी दाट. आणि चकरेची गोळी या वयात महिनोन्महिने चालली की चाल जखडते, हात कापतो.

"म्हणजे चारही डॉक्टर चुकले?" मी तावातावानं विचारलं.

"तसं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "प्रत्येकानं आपापल्यापुरतं बरोबरच लिहिलंय. पण या चारही चिठ्ठ्या एका टेबलावर आज पहिल्यांदाच आल्यात."

मग तिनं विचारलं, यातल्या बऱ्याच गोळ्या किती वर्षं चालू आहेत. मी म्हटलं, पाच-सहा तरी. आणि त्रास? वर्षभरापासून. तिचं लिहिणं थांबलं. "मग आधीची चार-पाच वर्षं त्रास का नाही झाला? आधी गोळ्या कोण द्यायचं?"

"सासूबाई."

"सगळ्या द्यायच्या?"

"डॉक्टर, आमचे पप्पा स्वतः कंपाउंडर होते," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर तो प्रश्न टोचत राहिला. कोल्हारला उतरल्यावर पप्पांना घरी सोडलं आणि तशीच मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराला विचारलं, सासूबाई असताना महिन्याला किती पट्ट्या जायच्या? तो आधी घुटमळला. मग म्हणाला, "खरं सांगू का बाई? आजींच्या येळंला एक पट्टी दोन-दोन, तीन-तीन महिने जायची. काही तर आजी मागायच्याच न्हाईत. तुमच्याकडं आल्यापासून मात्र बरोब्बर तारखेला समदी औषधं."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. पप्पा गोळ्या घेत नव्हते, म्हणून बीपी उतरत नव्हतं. बीपी उतरत नव्हतं, म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. तो वाढवलेला डोस नुसता कागदावर पडून होता. आणि मग मी आले. तो अख्खा कागद मी त्यांच्या पोटात घातला, रोज, वेळेवर, जिभेखाली बघून.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का?" समजूत घालायलाच म्हणाले, पण मला ते जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणी शिव्या तरी घातल्या असत्या.

मग सुरू झाले ते दोन महिने. गोळ्या चालू करणं किती सोपं आणि बंद करणं किती जिवावरचं काम, हे तेव्हा कळलं. चकरेची आणि लघवीची बंद झाली. बीपीची निम्मी झाली, आणि त्यामागोमाग पाण्याची सुटली. झोपेची मात्र एकदम सोडायची नव्हती, दर पंधरा दिवसांनी पाव तुकडा कमी करायची. आणि एवढं सगळं काढून डॉक्टरनं एक नवीनच लिहिली, हाडांसाठी. ही आधीच चालू असायला हवी होती, कुणाच्याच चिठ्ठीत नव्हती म्हणे. मी कपाळाला हात लावला.

सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला बीपी मोजून वहीत लिहायचं होतं. त्या मशीनचा पट्टा फुगायला लागला की मनात एकच यायचं. निम्म्या गोळीवर बीपी चढलं आणि अर्धांग झालं तर? आधी मी जास्त गोळ्या देऊन माणूस बिघडवला, आता कमी देऊन लुळा केला, असं व्हायचं. एका सकाळी आकडा एकशे शहात्तर आला. मी तशीच, अंगावर पीठ, डॉक्टरला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, आत्ताच चालून आलेत का? हो, संडासला जाऊन आले होते. अर्धा तास बसू द्या आणि पुन्हा मोजा, वरून काही देऊ नका. तो अर्धा तास मी ओट्याशी उभी राहून काढला. एकशे बेचाळीस आलं. पहिली गोष्ट काय केली असेल, तर रडले.

झोपेची गोळी कमी होताना पप्पा चिडचिडे झाले, घामेजायचे, मला घालूनपाडून बोलायचे. 'उलट्या काळजाची' म्हणाले एकदा. मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा ते कुणावर तरी रागावले होते.

मग हळूहळू माणूस परत यायला लागला. आधी कप बशीत सांडायचा थांबला. मग पावलं उचलायला लागली. दीडेक महिन्यानं एका सकाळी मी त्यांच्यापुढं औषध ठेवलं तर म्हणाले, "बाई, एवढीच? बाकीची कुठं गेली?" बाई म्हणाले होते.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून विचारलं. आधीच्या गोळ्या तुम्ही घेतच नव्हता का, पप्पा?

"समद्या कधीच न्हाई घेतल्या," ते म्हणाले. "चाळीस वर्सं डॉक्टरच्या हाताखाली काढली. डॉक्टरच्या तोंडावर न्हाई म्हनायचं न्हाई, ही आमची रीत. तिथं व्हय साहेब म्हनायचं. घरी आलं की तुमची सासू अन् मी चिठ्ठी घेऊन बसायचो. ही ठेवू, ही नको, ही अर्धी, असं ठरवायचो."

"हेही बरोबर नव्हतं, पप्पा. डॉक्टरला कळायला नको?"

"व्हय. त्येबी चुकलंच."

"आणि मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चिठ्ठी तुमच्या हातात हुती, बाई. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याच्याम्होरं मी उभ्या जल्मात बोललो न्हाई."

म्हणजे मी त्यांच्यासाठी सून उरलेच नव्हते. मी साहेब झाले होते. माझा राग, माझी शिस्त, माझं ते टापटीप अक्षर, सगळं मला त्या क्षणी नकोसं झालं. मी त्यांना म्हटलं, माझं चुकलं पप्पा. ते म्हणाले, "असू द्या." एवढंच.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. शुद्ध परत आली, देवाचे आभार, पेढे वाटा. पण पप्पा जसजसे सुधारत गेले तसतशी मला दुसरीच धास्ती लागली. ती मी यांनाही धड सांगू शकत नव्हते.

पप्पांना एक धाकटा भाऊ होता, खर्ड्याला. पाच वर्षांनी लहान. दोघंच भाऊ. दर रविवारी उपासनेहून आलं की त्यांचा फोन व्हायचा. बोलणं तेच ते, पाऊस, दात, नातवंडं, पण तो फोन कधी चुकला नाही. पप्पांच्या डोक्यावर ते धुकं दाट असताना, लघवीची गोळी सुरू होऊन चार महिने झाले असतील, हा भाऊ गेला. सकाळी चहा पिता पिता गेला. आम्ही पप्पांना गाडीत घालून खर्ड्याला नेलं. दफनभूमीत खुर्ची टाकून बसवलं. पहिली मूठ माती त्यांनी टाकायची म्हणून मी त्यांच्या हातात माती दिली आणि त्यांचा हात धरून ती खाली सोडवली. परतताना जामखेडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी दोन केळी खाल्ली. पुन्हा त्या दिवसाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. आणि रविवारच्या फोनचीही आठवण राहिली नव्हती, म्हणून आमचं निभत होतं.

आता मात्र आठवण येणार होती. त्यांना वार कळायला लागले होते. शंभरातून सात वजा करता यायला लागले होते. दर रविवारी माझी धांदल सुरू व्हायची. उपासनेहून आल्यावर मी त्यांना काही ना काही कामाला लावायची, शेंगा निवडा, दिनदर्शिकेवर सिलेंडरची तारीख लिहा. यांना म्हटलं, तुमचे वडील आहेत, तुम्ही सांगा. हे म्हणायचे, सांगू, जरा ताकद येऊ दे. डॉक्टरला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, ते विचारतील तेव्हा खरं सांगा, टाळू नका. बोलायला सोपं आहे. एखादं माणूस शुद्धीवर यावं म्हणून दोन महिने जिवाचं रान करायचं, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं त्याच्या हातात हे द्यायचं.

तो रविवार आला. हे ड्यूटीवर होते. पप्पा माझ्याबरोबर चालत उपासनेला आले, चालत घरी परतले, माझा हातही धरला नाही. घरी येऊन टोपी काढून खुर्चीत बसले. मी घाईघाईनं निवडायच्या शेंगांनी भरलेलं सूप उचललं.

"बाई," ते म्हणाले, "धाकट्याला फोन लावा. लई दिस झालं, बोलनंच न्हाई."

मी सूप खाली ठेवलं. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. मुलांना वाईट निकाल सांगताना मी आधी काहीतरी चांगलं सांगते. इथं चांगलं काही नव्हतं. मी सरळ सांगितलं, की काका गेले, पप्पा. सात-आठ महिने झाले.

त्यांनी टोपी मांडीवर घेतली.

"कशानं?"

"झटका आला. सकाळी. त्रास झाला नाही."

"अन् मला न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. आपण गेलोही होतो खर्ड्याला. सगळेच गेलो होतो."

"मी गेल्तो?"

"हो. पहिली माती तुम्हीच टाकलीत."

त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उघडून पाहिला आणि मिटला. बाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर टेप लावून चालला होता, तो लांब गेला. मग त्यांनी विचारलं, "मी रडलो का?"

खोटं बोलावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि पडताळायला कोण जाणार होतं खर्ड्याला. पण वर्षभर मी त्यांच्या तोंडात जे घातलं ते पुरे झालं होतं.

"नाही, पप्पा. तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही मला विचारलंत, मोठ्यानं, की कोण गेलं."

"समद्यांम्होरं?"

"हो."

"मंग तुमी काय म्हनलात?"

"मी म्हटलं, गप्प बसा, लोक बघतायत."

पप्पांनी मान हलवली, व्हय म्हटल्यासारखी. मग त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि ते रडायला लागले. आवाज काढून, भावाला लहानपणीच्या नावानं हाका मारत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी स्टूल पुढं सरकवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले, आणि मलाही रडू आवरेना.

आवाज बाहेर गेला असणार. शेजारच्या काकू हातातलं काम तसंच टाकून फाटकाशी आल्या. घाबरल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय झालं गं बाई? कोण गेलं?"

"आमचे खर्ड्याचे चुलत सासरे," मी म्हटलं.